मीटरखोली ही अडगळीची जागा नव्हे

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की घरोघरी डागडुजीची कामे निघतात. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, न्हाणीघरातील गळती, खिडक्यांच्या ग्रिलला रंग ही कामे वेळेत उरकली जातात हे चांगलेच आहे. परंतु त्यांतून उरलेले सामान कुठे जाते, याकडे आपल्या दैनिकातून लक्ष वेधावेसे वाटते. बहुतेक जुन्या सोसायट्यांत ते तळमजल्यावरील पार्किंगमध्ये, जिन्याखाली आणि पुष्कळदा थेट वीजमीटरच्या बोर्डखाली जाऊन पडते. आमच्या इमारतीत झाकण नीट न बसलेला ऑइलपेंटचा अर्धा डबा, टर्पेंटाइनची बाटली, प्लायवुडचे तुकडे आणि एक जुनी गादी तिथे पडून आहे, आणि त्यावर हातभर उंचीवर साऱ्या सदनिकांच्या मीटरची जोडणी आहे. त्यातील एका वायरचे आवरण टोकाशी तपकिरी होऊन तडकलेले दिसते.

वायर नेमकी जोडापाशी काळवंडली असेल, तर बहुधा तिथला स्क्रू सैल झालेला असतो. सैल जोडातून एसी आणि गिझरचा भार वाहू लागला की तो तापतो, त्या उष्णतेने आणखी सैल होतो आणि एखाद्या दिवशी ठिणगी पडते. जुन्या बोर्डांवर आजही किटकॅट फ्यूज (चिनी मातीच्या खाचेत बारीक तार बसवलेले) आहेत आणि ‘सारखा उडतो’ म्हणून त्यांत जाड तांब्याची तार घातलेली आढळते. अशी तार वेळेवर वितळतच नाही, म्हणजे संरक्षण नावापुरतेच उरते. त्यातून पार्किंगमधूनच वर जाणारा जिना ही रहिवाशांची एकमेव वाट असेल, तर खाली पेटलेल्या रंगाचा आणि गादीचा धूर धुराड्यातून चढावा तसा त्याच जिन्याने वर चढतो. बाजूच्या दुचाक्यांच्या टाक्यांत पेट्रोल असते, हे तर सांगायलाच नको.

‘हे काम कोणाचे?’ या प्रश्नावर सभांमध्ये वर्षानुवर्षे चर्चा होते. वास्तविक गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, सदनिकेतील मुख्य स्विचपर्यंतच्या वीजवाहिन्यांची दुरुस्ती सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असते. त्यापुढील काम सदस्याचे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांनी ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते. मात्र हे प्रमाणपत्र फाइलला लावले की मीटरखोलीचाही प्रश्न मिटला, असे समजणे धोक्याचे आहे.

सदस्यांच्या वाट्याचे कामही अवघड नाही. घरातील वीजपेटीत आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, असेल, तर त्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. पुरवठा तत्काळ खंडित झाला पाहिजे. झाला नाही, तर ते उपकरण बदलून घ्यावे, कारण ओल्या हाताने गिझरच्या स्विचला स्पर्श झाल्यास 30 मिलिअँपियरच्या गळतीला पुरवठा तोडणारे तेच असते. नुसता एमसीबी, म्हणजे जादा भार आला की पडणारा स्विच, हे काम करत नाही. या बटणाने अर्थिंगची तपासणी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे; ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते. इलेक्ट्रिक स्कूटरसाठी खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडणाऱ्यांनी तर ही तपासणी आधी करावी आणि चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घ्यावी.

माझी सर्व सोसायट्यांच्या कार्यकारिणींना विनंती आहे, की यंदा गच्चीच्या कामाचे दरपत्रक मागवताना त्याच बैठकीत मीटरखोलीतील जोड आवळून घेण्याचे कामही मंजूर करावे आणि रंगकाम संपताच उरलेले डबे उचलून नेण्याची अट ठेकेदाराच्या कार्यादेशात लेखी घालावी, ती पूर्ण होईपर्यंत त्याचे अखेरचे देयक अदा करू नये.

– एक सदनिकाधारक, ठाणे