काका, झाकण न उघडायला शिकवलंत

प्रिय काका,

सा. न.

समोरासमोर आभार मानायला गेलं की "अरे, त्यात काय" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. कॅन्सस सिटीत नव्याने राहायला आलेल्या आपल्यापैकी कुणाला केटल ग्रिलवर, म्हणजे गोल झाकणाच्या कोळशाच्या शेगडीवर, रिब्स (डुकराच्या बरगड्या) करायच्या असतील, तर तुमच्याकडून मला मिळालं ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, असं फार वाटतं.

मी कोल्हापूरकडचा. आमच्याकडे मटण म्हणजे मोठा जाळ, वर हंडा आणि भोवती माणसं. विस्तव एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आणि मधले पाच-सहा तास कुणी हात लावायचा नाही, ही रीत मला नवी होती. तुम्ही वसईचे, लग्नकार्यात डुकराचं मांस शिजणाऱ्या घरातले. तरी तुम्ही इथे आल्यावर इथलंच शिकलात. मला सगळ्यात आधी 18व्या रस्त्यावर ब्रुकलिनच्या कोपऱ्यावर आर्थर ब्रायंट यांच्या नावाच्या बार्बेक्यूच्या दुकानात घेऊन गेलात आणि हेन्री पेरींबद्दल सांगितलंत. 1908च्या सुमाराला याच शहरात धुरावर शिजवलेलं मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकणारा तो माणूस. त्यांच्या हाताखाली चार्ली ब्रायंट तयार झाले, चार्लींकडून दुकान भाऊ आर्थरकडे आलं. "आधी कुणाच्या विस्तवावर शेकतोयस ते माहीत करून घे," असं तुम्ही म्हणालात. मला ते फार आवडलं.

मग तुमचं अंगण. 22 इंची केटल. शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 साली पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी बनणारा धातूचा गोळा घेऊन ही भट्टी घडवली, हे सांगताना किनाऱ्यावर वाढलेल्या तुमचा चेहरा खुलला होता. गोल झाकणामुळे आतली हवा फिरती राहते, आणि खालची-वरची झडप म्हणजे तुमचे दोन्ही हात.

कोळशाच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या वड्या) केटलच्या भिंतीला लागून अर्ध्या गोलात मांडायच्या, खाली दोन, वर दोन. त्यावर हिकरीच्या लाकडाचे मुठीएवढे दोन-तीन तुकडे. चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, आठ-दहा ब्रिकेट लाल करून फक्त एका टोकाला ठेवायच्या. विस्तव मग एकेका ब्रिकेटला धरत सावकाश पुढे सरकतो. मध्ये पाण्याचा ट्रे, रिब्स कोळशापासून दूर आणि झाकणाची झडप बरोबर मांसावर, म्हणजे धूर मांसावरून ओढला जातो. वरची झडप उघडीच, खालची जेमतेम. तापमान 225 ते 250 अंश फॅरनहाइट. झाकणावरच्या काट्यावर भरवसा नको, जाळीवर वेगळा थर्मामीटर ठेवायचा, हेही तुमचंच. दाट पांढरा धूर कडू लागतो. तो विरळ, निळसर झाल्याशिवाय मांस ठेवायचं नाही.

हे सगळं कुठेही वाचायला मिळालं असतं. पण थांबायचं कसं, हे तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्यावरच कळलं. काटा 260वर गेला तरी तुम्ही उठला नाहीत. खालची झडप नखभर सरकवलीत आणि पुन्हा पेपर उघडलात. "आता पंधरा मिनिटं काही करू नकोस. तू काय केलंस ते विस्तवाला कळायला वेळ लागतो." झाकणाकडे माझा हात गेला की तुम्ही नुसतं बघायचात. रागावला कधीच नाहीत.

हाडाच्या बाजूचा पापुद्रा सुरीच्या बोथट टोकाने उचलायचा आणि कागदी रुमालाने धरून एका दमात ओढायचा. मसाल्यात मीठ, मिरी, ब्राउन शुगर, आणि पॅप्रिकाच्या जागी तुमच्या वसईच्या घरचा बॉटल मसाला, बाटलीत भरून ठेवायचा तो मिश्र मसाला! इथले जुने लोक काय म्हणतील ते म्हणोत, हिकरीच्या धुराशी त्याचं जमतं. माझ्या मते ते तुमचं स्वतःचं योगदान आहे.

गेल्या महिन्यात मेहुणे पुण्याहून आले होते. कापल्यावर आतली गुलाबी कडा पाहून म्हणाले, कच्चं आहे. मी तुमचे शब्द वापरले: धुरातले वायू मांसातल्या लाल द्रव्याला धरतात आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो. डुकराचं मांस 145 अंशाला खायला सुरक्षित होतं, पण बरगडी तेव्हा चिवटच असते. तिच्यातले चिवट धागे विरघळून मऊ व्हायला आतली उष्णता 195च्या पुढे जावी लागते, आणि तिथे घाईने पोचलं तर मांस कोरडं पडतं. त्यांनी ऐकलं, आणि मग दुसरा तुकडा मागितला. चिमट्यात धरल्यावर रॅक, म्हणजे बरगड्यांची अख्खी पट्टी, वाकून वरचा थर तडकला होता, मांस चावल्याजागी सुटत होतं, हाडावरून आपोआप गळत नव्हतं. तुम्हाला हवं तसं.

तुम्ही मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेलात आणि केटल मला देऊन गेलात. पैसे घेतले नाहीत. त्याहून मोठं म्हणजे इतके शनिवार दिलेत, तेही काकूंची तब्येत नाजूक असताना. हे मी तेव्हा बोललो नाही, आज बोलतो: परक्या गावात मला पहिल्यांदा घरचं माणूस मिळालं ते तुमच्या अंगणात. मनापासून आभार, काका.

बॉटल मसाला संपत आलाय. काकूंना विचारून प्रमाण कळवा, आणि ऑक्टोबरात याल तेव्हा दोन रॅक लावूया.

तुमचा,
शेजारचा कोल्हापूरकर