थुकप्याच्या नावाखाली पुडीतल्या नूडल्स

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तवांग सहलीत कबूल केलेले स्थानिक जेवण न दिल्याबद्दल व त्याचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

ऑक्टोबरमध्ये अरुणाचल प्रदेशातल्या आपल्या गुवाहाटी-दिरांग-तवांग सहलीला मी आणि माझे यजमान सोलापूरहून आलो होतो. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. गाडी, हॉटेल, इनर लाइन परमिट (अरुणाचलात शिरायचा परवाना) यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट, मार्च २०२४ मध्ये बोगदा सुरू झालेला असूनही आपल्या चालकाने आम्हाला मुद्दाम वरच्या से ला खिंडीतून नेलं, गाडी थांबवून तळं दाखवलं. त्याला माझा नमस्कार कळवा.

तक्रार जेवणाची आहे, आणि ती नेहमीच्या उलट आहे म्हणून नीट वाचावी. 'घरच्यासारखं जेवण मिळालं नाही' अशी पत्रं आपल्याला येत असतील. मला ते नको इतकं मिळालं. आठ दिवसांत चार वेळा पुरी-भाजी, दोनदा श्रीखंड, रोज वरण-भात. हे सगळं मी सोलापुरात बसून खाऊ शकते की हो! त्यासाठी दहा हजार फुटांवर कशाला यायचं?

आपल्या माहितीपत्रकात पाचव्या दिवसासमोर छापलं आहे : 'तवांगच्या बाजारात थुकपा आणि कुट्टूच्या पिठाच्या स्थानिक नूडल्सचा आस्वाद.' (थुकपा म्हणजे तिथलं नूडल्सचं गरम, पातळ सूप आणि कुट्टू म्हणजे बकव्हीट.) पावतीतही 'स्थानिक खाद्यानुभव' म्हणून माणशी १,२०० रुपये वेगळे लावले आहेत. खरं सांगायचं तर मी ही सहल त्या एका ओळीवर घेतली. माझ्या सासरी दर उन्हाळ्यात शेवयांचं काम निघतं. खपली गव्हाचा रवा भिजवून, तिंबून, हाताने ओढून काठीवर वाळवलेल्या शेवया. शिवाय बोटवे, नखुले, मालत्या हे हाताने वळायचे प्रकार. डोंगरातल्या बायका हेच काम कसं करतात, ते मला बघायचं होतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्हाला बाजारात नेलंच नाही. हॉटेलच्याच जेवणघरात टेबलांवर पितळी वाट्या मांडल्या, सहल व्यवस्थापकांनी गळ्यात पांढरा रेशमी 'खाता', म्हणजे तिथलं स्वागताचं उपरणं, घातला आणि 'हा इथला पारंपरिक थुकपा' असं जाहीर केलं. वाटीत पुडीतल्या दोन मिनिटांच्या नूडल्स होत्या. वर कोबी, मटार, हळद. सोबत टोमॅटो सॉस. पुडीतल्या मसाल्याचा वास ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. माझा नातूसुद्धा डोळे मिटून ओळखेल. मागच्या दाराशी रिकाम्या पुड्यांनी भरलेलं खोकं होतं, त्याचा फोटो सोबत आहे.

मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, की बाहेरचं 'आपल्या लोकांना' चालत नाही, शाकाहारी मिळत नाही आणि उंचीवर पचायला जड जातं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडळी मठ बघायला निघायच्या आत, आम्ही दोघं जुन्या बाजारात गेलो. (मठ नंतर पाहिला. १६८०-८१ सालचा आहे आणि तो खरोखर शब्दांत मावत नाही, पण तो या पत्राचा विषय नाही.) चार टेबलांची खाणावळ होती. बाईंना हिंदीत सांगितलं, मांस नको. त्यांनी काही विचारलंही नाही. वेगळं पातेलं चढवलं, त्यात बटाटा, मोहरीचा पाला, लसूण, थोडं छुर्पी, म्हणजे तिथलं चीज. मग गव्हाच्या मळलेल्या पिठाची पट्टी डाव्या मनगटावर टाकली, उजव्या हाताने तिचे अंगठ्याएवढे तुकडे ओढून सरसर उकळत्या पाण्यात सोडले. याला थेनथुक म्हणतात, ओढून केलेला थुकपा. बाईंचा हात थेट माझ्या सासूबाईंचा! सोबतच्या चटणीत तिरफळाच्या जातीचा कसलासा दाणा होता. जीभ बधिर झाली आणि मी आणखी मागितली. दोघांचे मिळून १८० रुपये झाले.

कुट्टूच्या नूडल्स मात्र मिळाल्या नाहीत. भिंतीला टेकवून ठेवलेला लाकडी साचा बाईंनी दाखवला, आमच्या सोऱ्याचा थोरला भाऊच म्हणा. कुट्टूच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, ते ओढलं की तुटतं. म्हणून साच्यातून दाबून थेट आधणात पाडायचं. ज्वारीची भाकरी थापणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण त्यासाठी आदल्या दिवशी सांगून ठेवायला हवं होतं. आपण आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर आमच्या अख्ख्या गटाला ते मिळालं असतं. माझी खरी तक्रार इथे आहे. आम्ही थांबतो म्हटलं तर व्यवस्थापकांचा फोन : नऊला गाडी निघेल, मागे राहिलात तर जबाबदारी तुमची.

आता त्यांच्या तीन कारणांबद्दल. शाकाहारी मिळतं, मी खाल्लं. आपल्या लोकांना चालतं का, हे आपल्या लोकांना विचारायचं असतं. आमच्या गटातल्या निदान सहा जणांनी परत आल्यावर मला त्या खाणावळीचा पत्ता विचारला. ज्यांना पुरी-भाजीच हवी होती, त्यांना ती जरूर द्या. राहिला उंचीचा मुद्दा. त्या उंचीवर पाणी साधारण नव्वद अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यातली आपली तूरडाळ रोज कचकच लागत होती. तिथली माणसं गरम, पातळ, पटकन शिजणारं खातात. पचायला जड काय होतं, ते आपणच ठरवा.

माझ्या मागण्या दोनच आहेत. दोघांचे मिळून २,४०० रुपये परत करावेत आणि माहितीपत्रकातली ती ओळ एकतर पाळावी नाहीतर काढून टाकावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही, हे मी विचारून घेतलं आहे. रक्कम छोटी आहे, याची मला कल्पना आहे. पण मला वेळ भरपूर आहे.

कळावे,
आपली ग्राहक,
जुळे सोलापूर

ता.क. : आपल्या स्वयंपाकी महाराजांना यातलं काही बोलू नये. पुड्या फोडताना त्यांनाच लाज वाटत होती. जाताना मी बाईंसाठी शेंगाचटणीचा डबा ठेवून आले, हे फक्त त्यांनाच सांगितलं होतं. ते म्हणाले, 'ताई, मलाही घेऊन जायचं होतं की.'