कलुंबिलाला जाण्याआधी

गोंदिया,
१२ जानेवारी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

ऑफर आल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा बाबांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. झांबियातल्या ज्या कलुंबिलात त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं काढली, तिथेच आता मुलगा प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून जाणार! संध्याकाळपर्यंत मलाजखंडच्या सगळ्या जुन्या सोबत्यांना बातमी पोचली होती. पगार, घर, गाडी, विमानाची तिकिटं, सगळं तुम्ही दोघं बोललात. अगदी शेवटी तू मला विचारलंस, "आई, हिला आणि छकुलीला लगेच घेऊन जाऊ, की आधी एकटा जाऊन बघू?" लिहून कळवते म्हटलं होतं, म्हणून हे पत्र. सूनबाईलाही वाचायला दे. खरं तर आधी तिलाच दे.

तू कलुंबिला पाहिलंस ते नागपूरच्या होस्टेलमधून सुट्टीवर आलेला मुलगा म्हणून. पोहणं, बाबांची लँड क्रूझर, रात्री उघड्यावर शेकोटी, आणि आई समोर हजर. सुट्टी संपली की तू परत. तिथला मंगळवार तू पाहिलेला नाहीस, आणि वर्षभर बायकोच्या वाट्याला मंगळवारच येतात.

सोलवेझी शहरापासून पश्चिमेला १५० किलोमीटर, चहूकडे मिओम्बोच्या झाडांचं जंगल, मध्ये सेंटिनेल या तांब्याच्या खाणीचा खड्डा आणि त्याच्यासाठीच वसवलेलं गाव. खाणीचं व्यापारी उत्पादन २०१६ मध्ये सुरू झालं, म्हणजे गावाचं वय तुझ्या चुलतभावाच्या मुलाइतकं. रस्ते आखलेले, घरं नीट, दवाखाना आहे, शाळा आहे. पण कुणी म्हातारं माणूस दिसत नाही. जो येतो तो नोकरीवर येतो आणि करार संपला की जातो. शेजारची फिलिपिनो बाई वर्षभरात जिवलग होते, आणि एक दिवस तिच्या अंगणात खोकी रचलेली दिसतात. हे पुनःपुन्हा होतं. तू सकाळी सहाच्या आत गेटवर ब्रेथलायझरमध्ये फुंकर मारून आत जाशील, बारा तास कामात असशील, तुझ्याभोवती माणसंच माणसं असतील. घरात मात्र तू गेलास की सगळं थांबतं. दुपारी ब्लास्टिंग झालं की खिडक्यांच्या काचा थरथरतात. दिवसातली मोठी घटना म्हणावी तर तेवढीच.

त्यात कामाचा परवाना तुझ्या नावावर असणार. सूनबाई जाणार ती तुझी बायको म्हणून. तिला पगारी काम करायचं तर तिचा वेगळा परवाना लागतो, आणि ती फिजिओथेरपिस्ट आहे म्हटल्यावर झांबियाच्या हेल्थ प्रोफेशन्स कौन्सिलची नोंदणीही लागते. हे तिथे पोचल्यावर बघू म्हणून सोडायचं काम नाही. बेल्लारीच्या हॉस्पिटलात आज तिचे स्वतःचे पेशंट आहेत, तिचा हात लागला की बरं वाटतं म्हणून लोक तिची वेळ मागतात. ते सोडून ती तिथे नुसती कुणाची तरी मिसेस झाली, तर महिनाभर सुट्टीसारखं वाटेल आणि पुढे ते तिला आतून पोखरेल. खाणीच्या वसाहतीत, मलाजखंड धरून, बायकांची ओळख नवऱ्याच्या हुद्द्यावरून लागते हे मी आयुष्यभर पाहत आले. सुपरिंटेंडेंटची बायको, फोरमनची बायको. शिकलेल्या, हुशार बायका त्या उतरंडीत बसून कोमेजताना पाहिल्या आहेत. माझ्या सुनेचं तसं झालेलं मला चालणार नाही.

आता घरातल्या गोष्टी. या तिला कुणी आधी सांगणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बाहेर वाळत घातलेला प्रत्येक कपडा इस्त्री करूनच अंगावर घालायचा. चड्डी, बनियन, टॉवेल, पलंगपोस, छकुलीचे मोजे, सगळं. तिकडे पुत्सी नावाची एक माशी असते. ती ओलसर कपड्यांत अंडी घालते. तो कपडा अंगावर आला की अळी कातडीत शिरते आणि तिथे गळू धरतं. इस्त्रीच्या उष्णतेनं अंडी मरतात, पण शिवणीवर आणि इलॅस्टिकच्या चुण्यांत इस्त्री नीट दाबावी लागते, तिथेच ती राहून जातात. मी पावसाळ्यात कपडे आत, पंख्याखाली वाळवायची, वर इस्त्री. आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातून इस्त्री घेतली आणि फ्रॉकचा घेर उलटा करून आतली शिवण कशी दाबायची ते दाखवलं. त्यांना आपल्या दोन मुलींचे कपडे कोळशाच्या इस्त्रीनं करावे लागत, तरी एक शिवण सुटत नसे. अशा बाईचा पगार ठरवताना घासाघीस करू नका. आणि त्यांना नावानं हाक मारायची नाही, मुलांच्या नावानं मारायची, अमक्याची आई म्हणून. तिथली रीतच तशी आहे, आणि छकुलीलाही तेच शिकव.

मलेरियाचं दुसरं. वायव्य प्रांतात तो भरपूर आहे. ताप आला की त्याच दिवशी बोटातलं रक्त तपासायचं, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. लहान मुलांत तो झपाट्यानं वाढतो. मच्छरदाणी रोज, बिनापावसाच्या महिन्यांतही. जाण्याआधी बालरोगतज्ज्ञांना प्रतिबंधक गोळ्यांचं विचारून घ्या. आणि सुट्टीवर इकडे आल्यावर कुणाला ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगायचं, "आम्ही झांबियाहून आलोय." साचलेल्या पाण्यात पोहणं नाही, कितीही नितळ दिसलं तरी. तिथे बिलहार्झियाची, म्हणजे पाण्यातून कातडीवाटे शरीरात शिरणाऱ्या जंतांच्या रोगाची भीती असते.

शाळेचं लिहीत नाही. वर्ष जानेवारीला सुरू होतं आणि छकुली चार वर्षांची आहे, तूर्त काही अडत नाही. आठवी-नववीला काय होतं ते तू होस्टेलमध्ये राहून जाणतोसच.

खाण्यापिण्याची मात्र चिंता करू नका. तूरडाळ, पोहे, गूळ लुसाकाच्या कमवाला भागातल्या गुजराती दुकानांतून एकदम भरून ठेवायचं. पण आमची खरी सोय व्हायची ती बाजारात. भोपळ्याची कोवळी पानं, रताळ्याची पानं, भेंडी, आणि शेंगदाणे तर पोत्यानं. तिकडे पाल्याची भाजी दाण्याचं कूट घालून शिजवतात, त्याला इफिसाशी म्हणतात. मी वरून लसणाची फोडणी द्यायची आणि बाबा पुन्हा वाढून घ्यायचे. काओंदे लोक पूर्वापार ज्वारी पिकवतात, त्यामुळे शोधली तर ज्वारी मिळते. नाहीच मिळाली तर रोलर मीलची, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची भाकरी होते. पीठ कढत पाण्यात मळायचं, नाहीतर थापताना चिरते. आंबे नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, म्हणजे लोणचं दिवाळीच्या पुढेमागे घालायचं. मध तर अख्ख्या झांबियात तिथला नावाजलेला. झाडाच्या सालीचं पोळं करून उंच फांदीवर ठेवतात, त्यातला तो गडद मध.

पहिले पाऊस पडले की म्विनिलुंगा गावाच्या रस्त्याला बायका घमेल्यांत अळंब्या घेऊन बसतात. वारुळातून येणारी, हातभर रुंद टोपीची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा गाडी थांबवायला लावली, कारण मलाजखंडला आषाढात गोंड बायका सात्या घेऊन दारात यायच्या ते आठवलं. विकणाऱ्या आजीबाईंनी एक उचलून उलटी केली, खालच्या झालरीवर बोट फिरवलं, देठाचा तळ तोडून वास घ्यायला दिला, आणि किडीचा भाग काढून टाकूनच माझ्या पिशवीत ठेवली. भाषा एकमेकींची येत नव्हती. पण ही बाई मला फसवणार नाही एवढं कळलं. त्या बायकांमध्ये ज्यांच्या शेतांवर खाण उभी राहिली अशा कुटुंबांतल्याही असतात. त्यांना उठवून दुसरीकडे वस्त्या बांधून दिल्या आहेत. तू ज्या खड्ड्याचं प्लॅनिंग करणार आहेस त्याच्या काठावर कुणाची तरी कसाव्याची वाडी होती, हे नकाशा समोर घेताना लक्षात ठेव.

सूनबाईचे दिवस चांगले जायचे असतील तर तिला गेटच्या बाहेरची माणसं हवीत. मला ती चिलिंब्यातून मिळाली. चिलिंबा म्हणजे आपली भिशीच. दवाखान्यातल्या नर्सबाई, दोन शिक्षिका, कँटीनमधली एक, आणि मी. पगाराच्या आठवड्यात सगळ्यांनी ठरलेले क्वाचा, म्हणजे तिथले पैसे, काढायचे आणि पाळीनं एकीला द्यायचे. एकीनं त्यातून घरावर पत्रे घातले, एकीनं धाकट्या भावाची फी भरली. पैसे मोजून झाले की चहा आणि तासभर गप्पा. कुणाचा नवरा कसा, कुणाची सासू कशी, कुठल्या पास्टरचं काय चाललंय. तिथे मला कुणी इंजिनिअरची बायको म्हणून बोलावलं नव्हतं. त्याच बायका गणपतीला आल्या. आपल्याला मूर्ती कुठली मिळणार, मी वारुळाची माती आणून चाळून घरीच केली होती. दूर्वा लॉनमध्येच उगवतात, तिकडचं लॉन त्याच गवताचं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस नसतो, पण मिओम्बोला कोवळी पालवी फुटलेली असते, ती तांबडीलाल, आणि सगळं रान पेटल्यासारखं दिसतं. आरती चालू असताना नर्सबाईंनी टाळ घेतले ते शेवटपर्यंत एकदाही ठेका चुकल्या नाहीत. चर्चच्या गायनात असतात त्या.

२०२४ चं वर्षही सांगते, कारण तशी वर्षं पुन्हा येतील. पाऊस गेला, करिबा धरणाचं पाणी तळाला गेलं, आणि तिथली बहुतेक वीज पाण्यावरची. २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा यांनी दुष्काळ राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केला. आमच्या घरी इन्व्हर्टर होता. ताईंच्या घरी दिवसातले कितीतरी तास अंधार, आणि मीली मीलचं, म्हणजे मक्याच्या पिठाचं पोतं परवडेना. चिलिंब्यातल्या सगळ्याजणींनी तेव्हा पाळी मोडून ज्या घरी जास्त अडचण तिला आधी पैसे द्यायचं ठरवलं. कुणी कुरकुरलं नाही. मला त्या बायकांचा जो अभिमान वाटतो तो पत्रात मावणार नाही.

तर माझं म्हणणं असं. तू आधी जा, पण "एकटा जाऊन बघतो" म्हणून नको. तू बघून ठरवणार आणि ती तुझ्या निर्णयावर येणार, हेच मला नको आहे. जाण्याआधी तिचे कागद कौन्सिलकडे जाऊ देत. पदवी, मार्कलिस्ट, इथल्या नोंदणीचा दाखला, सगळ्याच्या साक्षांकित प्रती काढा. तू पोचलास की दवाखान्यात आणि सोलवेझीत तिच्या कामाची चौकशी तू करू नकोस, तिचा तिला फोन लावून दे, ती बोलेल. मग मे-जूनमध्ये, थंडीच्या दिवसांत, ती छकुलीला घेऊन महिनाभर येऊ दे. ती बाजारात जाईल, दवाखाना बघेल, दुपारी घरात एकटी बसून बघेल. त्यानंतर ती हो म्हणाली तर मी स्वतः तिच्या बॅगा भरीन. नाही म्हणाली तर तू करार संपेपर्यंत ये-जा कर, किंवा ऑफर सोड. तिला मनवायला बाबांना मध्ये घालू नकोस. तांबं त्या मातीत शतकानुशतकं आहे, आणखी दोन वर्षं थांबेल.

माझे दिवस तिथे चांगले गेले म्हणून मी हे लिहिते आहे. ते आपोआप चांगले गेले नव्हते.

सूनबाईला म्हणावं, मनात जे काही असेल ते मला विचार. दुपारी चारनंतर फोन कर, बाबा तेव्हा फिरायला गेलेले असतात.

तुझी,
आई

ता. क. जाणं ठरलंच तर कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या जास्तीच्या घ्या, मला सोलवेझीत कधी मिळाल्या नाहीत. इस्त्री तिकडेच घ्या, प्लग चौकोनी पिनांचे लागतात.