टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातले फडके

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बेस गिटारीचा फोटो काल रात्री मिळाला. तेलाचा पहिला हात बसल्यावर मेपलमधल्या लाटा कशा उठून आल्या आहेत, ते आम्ही दोघांनी आळीपाळीने मोठे करून पाहिले. आई म्हणाली, हे लाकूड नव्हे, रेशीम आहे. मला मात्र उशिरापर्यंत झोप लागली नाही, कारण फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, टेबलाच्या कडेला, तेलाने भिजलेले फडके बोळा करून टाकलेले दिसते आणि त्याच्या मागेच तुझ्या अंथरुणाची चादर दिसते.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेत ते घट्ट होत जाते आणि तसे होताना उष्णता सोडते. लाकडावरच्या पातळ थरातून ती निघून जाते. बोळ्याच्या पोटात मात्र ती कोंडून वाढत राहते आणि काही तासांत, कोणी काडी न लावता, फडके पेट घेऊ शकते. बापूंच्या शेडमधली ती रात्र तुला ऐकून ऐकून पाठ झाली आहे, म्हणून पुन्हा सांगत नाही.

तू निघालीस त्या सकाळी, ‘हे काम तिकडे अर्धवटच पडणार’ असे मी बोलून गेलो. तू जाणार याचा राग मी गिटारीवर काढला, हे आईने मला त्याच संध्याकाळी सुनावले. खरे तर ती गिटार अर्धवट राहणार नाही, हे मला फ्रेटबोर्डच्या, म्हणजे मानेवरच्या लाकडी पट्टीच्या, वेळीच कळले होते. पहिल्या पट्टीवर तू प्रत्येक फ्रेट, म्हणजे सुराची जागा ठरवणारी धातूची आडवी कड, आधीच्या फ्रेटपासून मोजलीस आणि केसाएवढी चूक साठत साठत बारावी फ्रेट तारेच्या ३४ इंच लांबीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १७ इंचांवर, यायची ती पुढे सरकली. मी काही बोलण्याआधीच तू ती पट्टी बाजूला ठेवलीस, उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागत सगळा हिशेब नव्याने मांडलास आणि सगळी मापे नटपासूनच, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासूनच, घेतलीस. मी दारात उभा होतो, हे तुला ठाऊक नसेल.

वरच्या फळीची गोष्ट तर माझ्याच पदरची आहे. चिरलेली जोडफळी पुस्तकाच्या पानांसारखी उघडून डाव्या-उजव्या लाटा समोरासमोर आल्या, तेव्हा हौसेने रंधा मीच हातात घेतला. इतकी वर्षे लाकडात घालवलेल्या माणसाला हे कळायला हवे होते की लाटेचे लाकूड बोटाबोटावर तंतूंची रेषा उलटवते. चढत्या रेषेवर गुळगुळीत चालणारे पाते उतरत्या रेषेत शिरते आणि ढलपी उपटते. जोडाच्या शेजारी तांदळाएवढे तीन खड्डे पडले. तू एक शब्द न बोलता पोलादी स्क्रेपर घेतलास आणि दोन संध्याकाळी, केसासारखा भुसा काढत, सगळी पातळी खाली आणलीस. आता फोटोत मी ते खड्डे शोधले, सापडले नाहीत.

तेलाचा पुढचा हात घाईने देऊ नकोस. जास्तीचे तेल वेळेत पुसून घे, नाहीतर ते वर चिकट राहील. आधीचा हात पुरता सुकल्याशिवाय दुसरा नको. पुसण्यासाठी तू फडके घेणार, आणि ते पुन्हा त्या कोपऱ्यात जाणार, म्हणून सांगतो: प्रत्येक फडके उलगडून, घडी न करता, बाहेर एकेकटे वाळत घाल, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेव. तारा चढवताना ट्रस रॉडकडे, म्हणजे मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईकडे, लक्ष ठेव, कारण चार तारांचा मिळून ओढा सुमारे ७५ किलोंचा असतो आणि मान तेवढ्याने थोडी वाकतेच. हे सगळे तुला माहीत आहे. तू लहान असताना आगपेटी उंचावर ठेवणारा माणूस मी; ती सवय सुटत नाही. प्रवचन झाले, क्षमा कर.

पहिली तार लावशील तेव्हा फोन कर. जाड ई तारेचा आवाज फोनमधून नीट येत नाही म्हणतात, तरीही कर. आणि पुढचा फोटो काढशील तेव्हा टेबलाचा डावा कोपरा त्यात येऊ दे.

तुझा,
बाबा

ता. क. तुझी जुनी कानसपेटी आईने आज कुरियरने पाठवली आहे. त्याच खोक्यात झाकणाचा पत्र्याचा एक डबा आहे, तो खाऊचा नाही.