ऑडिट खांबांचं झालं, टाक्यांचं कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नौपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीचं नुकतंच स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, झालं. इंजिनीअरनी खांबांवर हातोडी ठोकून पाहिली, उघड्या पडलेल्या सळयांचे फोटो काढले, जाडजूड अहवाल दिला. कामाबद्दल तक्रार नाही. पण गच्चीवर आम्ही उभे होतो तिथेच हजार-हजार लिटरच्या चार टाक्या होत्या. खाली नुसत्या रचलेल्या विटा, टाक्या कशालाच बांधलेल्या नाहीत. मी विचारलं, ‘‘यांचं काय?’’ तर म्हणाले, ‘‘काका, ते स्ट्रक्चरमध्ये येत नाही.’’

हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. असे चार टन कठड्यापासून दोन हातांवर, आणि कठड्याखाली सकाळी शाळेच्या रिक्षा लागतात. भूकंपात या टाक्या घसरल्या तर?

ठाणं भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, झोनमध्ये धरलं जातं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा धक्का इथवर जाणवला, तेव्हा मी दुसरीत होतो. आमच्या चाळीला साधा तडाही गेला नाही, पण फळीवरचे पितळी डबे धडाधड खाली आले. त्या फळीखाली आजी झोपायची. आदल्या दिवशी ती मावशीकडे गेली होती, म्हणून वाचली. अलीकडे, २०१८ च्या नोव्हेंबरपासून, डहाणू-तलासरीकडच्या लोकांनी तर महिनोन्‌महिने धक्के सोसले.

इमारत जमिनीपेक्षा वरच्या मजल्यांवर जास्त झुलते. टाक्या, कठडे, टांगलेली यंत्रं यांच्या हिशेबात गच्चीवरचा धक्का तळापेक्षा दुप्पट धरायची पद्धत आहे. कोणती वस्तू डळमळेल याचा ढोबळ अंदाज तर घरच्या घरी करता येतो. सहा फूट उंच, दीड फूट खोल कपाट घ्या. दीड भागिले सहा, म्हणजे पाव. वजनाच्या पावपट जोर आडवा लागला की मोकळं कपाट एका बाजूनं उचलायला लागतं. भिंतीला दोन अँगल आणि चार स्क्रू लावले की प्रश्न मिटतो. काचा, आडभिंती आणि मजल्यामजल्यांतून गेलेले पाईप यांचं दुखणं निराळं. खालचा मजला एकीकडे आणि वरचा दुसरीकडे सरकला की ती मधल्या मधे ताणली जातात. त्यांना आवळून बांधण्यापेक्षा हलायला थोडी जागा ठेवावी लागते.

सांगाडा उभा राहिला म्हणजे झालं, असं मानणाऱ्यांनी लॉस एंजेलिसजवळच्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची गोष्ट ऐकावी. १९७१ च्या भूकंपात त्याची दैना झाली, म्हणून ते नव्यानं भक्कम बांधलं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात सांगाडा खरोखरच टिकला. पण आग विझवण्याच्या स्प्रिंकलरचे आणि थंड पाण्याचे पाईप फुटले, मजल्यांवर पाणी झालं आणि ऐन गरजेच्या वेळी रुग्णांना बाहेर हलवावं लागलं.

आपल्याकडे ५० मीटरहून उंच इमारतींसाठी २०१७ साली आलेल्या आयएस १६७०० या भारतीय मानकात या गोष्टींचा स्वतंत्र विचार आहे. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरना त्याचा फायदा होईल. नौपाडा, कळवा, कोपरीतल्या तीन-चार मजली सोसायट्या मात्र त्यात बसत नाहीत. तीस वर्षांपुढच्या इमारतींना ऑडिट सक्तीचं आहेच, मग महापालिकेनं त्याच्या नमुन्यात आणखी एक पान का घालू नये? टाक्या, कठडे, एसीचे गंजलेले ब्रॅकेट, लॉबीतलं फॉल्स सीलिंग, जिन्यातली कपाटं. इंजिनीअर गच्चीपर्यंत चढतातच, तासभर जास्त लागेल.

आमच्या सभेत मी टाक्यांना पट्ट्या मारायचा ठराव मांडला. एक सभासद म्हणाले, ‘‘भूकंप आल्यावर टाकीचं काय घेऊन बसलात?’’ ठराव दोन मतांनी पडला. रिक्षावाल्यांना मात्र मी पलीकडच्या फुटपाथला थांबायला सांगितलं आहे.

— एका सोसायटीचा सेक्रेटरी, नौपाडा, ठाणे (प.)