तुझा स्पेक्ट्रम चालू झाला

पुणे
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

तुझा जुना स्पेक्ट्रम कॉम्प्युटर चालू झाला! काल रात्री साडेअकराला पांढऱ्या पडद्याच्या तळाशी "१९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड" ही ओळ उमटली आणि मी खोलीत एकटाच ओरडलो. फोनच करणार होतो, पण तुला सगळं सविस्तर सांगायचंय, म्हणून लिहायला बसलो.

मे महिन्यात माळा आवरताना तू तो खोका माझ्या हातात ठेवलास, "भंगारात टाकायला हात धजत नाही" म्हणालास. बरं झालं धजला नाही. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन भारतात आणलेला हा डीबी स्पेक्ट्रम प्लस. तुझ्या काकांनी घेतला तेव्हा आपल्या अख्ख्या आळीत दुसरा कॉम्प्युटर नव्हता.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा पडद्यावर नुसत्या रंगीत चौकटी. मीटर लावला तर पाच व्होल्ट ठीक, बारा व्होल्ट पडलेले आणि उणे पाच पार गायब. याच्या खालच्या १६ के (किलोबाइट) मेमरीत ४११६ नावाचे आठ आयसी आहेत आणि त्यांना हे तिन्ही व्होल्टेज लागतात. बारा आणि उणे पाच तयार करायला बोर्डवर एक छोटी कॉइल आणि टीआर४ हा ट्रान्झिस्टर आहे. तो गेला की उणे पाच जातं, आणि उणे पाचशिवाय बाकीचा पुरवठा चालू राहिला तर ४११६ जळतात. ट्रान्झिस्टर बदलला, कॉइल बदलली, तरी दोन आयसी मेलेलेच होते. एका विक्रेत्याकडून आठ मागवले, त्यातले तीन आल्या आल्याच बाद! वरचा छाप घासून नवा मारलेला. मला खरंच वाईट वाटलं. या जुन्या मालावर कुणाकुणाचे किती शनिवार-रविवार खर्ची पडतात, याचा विचार नको का करायला? असो. उरलेल्यांतून काम भागलं. जुने आयसी काढताना बोर्डवरच्या तांब्याच्या पट्ट्या उखडू नयेत म्हणून आधी त्यांचे पाय कापले, मग एकेक पाय तापवून चिमट्याने ओढला. आता आठही जागी सॉकेट आहेत, पुढच्या वेळी सोल्डरिंग गन लागायची नाही.

मला सगळ्यात धास्ती यूएलएची होती, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणाऱ्या आयसीची. फेरांटी कंपनीचा तो आयसी आता कुणीच बनवत नाही. क्रिस स्मिथ यांनी मात्र त्याच्या आतल्या रचनेचा छडा लावला आणि त्याचं काम बाजारात मिळणाऱ्या साध्या लॉजिक आयसींकडून करून घेणारा हार्लेक्विन बोर्ड तयार केला. आपला यूएलए शाबूत निघाला, पण उद्या गेलाच तर वाट आहे, हे माहीत असल्याने शांत झोप लागते. झेड८०चंही, म्हणजे याच्या प्रोसेसरचंही, तसंच. १९७६ पासून बनत आलेला तो सुटा प्रोसेसर २०२४ मध्ये झायलॉगने बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा मी चार घेऊन ठेवले.

आता खरी गोष्ट. खोक्याच्या तळाशी एक कॅसेट होती, तिच्यावर तुझ्या अक्षरात "सामना". १९८७चा वर्ल्ड कप आठव. आपण स्कोअरबोर्ड लिहीत होतो, मी वहीतून सांगायचो आणि तू टाइप करायचास. टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून कॅसेटचा आवाज रेकॉर्ड केला, तर नुसता एरर. मग टेपरेकॉर्डरच्या फीत वाचणाऱ्या हेडचा छोटा स्क्रू केसभर फिरवला आणि आवाज एकदम धारदार झाला. त्या किर्रर्रमध्ये शून्याची लाट आखूड असते आणि एकाची बरोबर दुप्पट लांब. एवढ्याशा फरकावर सगळं उभं आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही तो फरक त्या फितीवर टिकून होता!

आधी फ्यूज या एमुलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून पाहिला. एमुलेटरला मी पूर्वी दुय्यम समजायचो, आता नाही. पडदा सेकंदाला सुमारे पन्नास वेळा रंगतो आणि एका फेरीत प्रोसेसरचे ६९,८८८ ठोके बसतात. चित्र त्याच खालच्या १६ के मेमरीत असतं, त्यामुळे यूएलए ते वाचत असताना झेड८०ने तिथे हात घातला तर त्याला ताटकळावं लागतं, कधी सहा ठोके, कधी पाच, कधी मुळीच नाही. लोकांनी खऱ्या मशिनवर मोजून मोजून हे ताटकळणंसुद्धा एमुलेटरमध्ये हुबेहूब उतरवलंय. पगार नाही, मागणी नाही, केवळ जीव लावून. बोर्डवर मीटर लावताना माझ्या मनात जे असतं तेच त्यांच्याही मनात असणार.

मग मशिनवर. "जे" (J) ही कळ दाबली की अख्खं "लोड" उमटतं, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा "पी" (P). बोटांना सगळं पाठ होतं. आधी लाल-आकाशी पट्टे, मग निळे-पिवळे. प्रोग्राम आला, संघांची नावं विचारली, पहिली ओव्हर झाली आणि थांबला: "व्हेरिएबल नॉट फाउंड, ३४०:१", म्हणजे ३४० व्या ओळीत मशिनला अनोळखी नाव.

तेच! तेव्हाही इथेच अडला होता. तू म्हणायचास मी ओ (O) हे अक्षर सांगितलं, मी म्हणायचो शून्य सांगितलं. टीव्हीवर तेव्हा सगळं पुसट दिसायचं. आता टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बदलणारा मॉड्युलेटर टाळून थेट कॉम्पोझिट व्हिडिओ सिग्नल काढलाय, अक्षरं लख्ख दिसतात. स्पेक्ट्रमच्या शून्यात तिरकी रेघ असते. ३४० व्या ओळीत ती नाहीये.

ओळ मी तशीच ठेवली आहे. दिवाळीत येशील तेव्हा तूच दुरुस्त कर, मी वहीतून सांगतो. आणि काकांकडे आणखी कॅसेटी असतील तर येताना घेऊन ये, फक्त उन्हात ठेवू नकोस.

तुझाच,
मी