जुन्या मीटरची रिंग भंगारात टाकू नका

महोदय,

जुनी मोटारसायकल भंगारात देणाऱ्या वाचकांना आपल्या दैनिकातून एक विनंती करायची आहे. स्पीडोमीटर फुटका असो की बंद, तो गाडीबरोबर तोलावर घालू नका. निदान काचेभोवतीची चकचकीत रिंग तरी वाचवा. काच कुठेही कापून मिळते, रिंग मिळता मिळत नाही.

माझ्याकडे वडिलांची 1974ची बुलेट आहे. गेल्या पावसाळ्यात चाळीच्या शेडचा पत्रा पडून मीटरची काच फुटली, रिंग चेपली. गॅरेजवाला म्हणाला, "काका, अख्खा मीटरच बदला." नवा मीटर शून्यापासून मोजणार. माझ्या मीटरवर 61,248 किलोमीटर आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक वडिलांनी परळ ते माझगाव गोदी अशी ये-जा करताना चालवलेले आहेत. ते पुसायला मी तयार नव्हतो.

दोन रविवार चोरबाजार पालथा घातला, तेव्हा मटण स्ट्रीटवर एका मेलेल्या मीटरवर मापाची रिंग सापडली. काच परळच्याच काचवाल्याने 2 मिलिमीटर जाडीची, गोल कापून दिली. अॅक्रिलिक स्वस्त आणि कापायला सोपे, पण धुळीवर ओले फडके फिरले की त्यावर चरे पडतात. काच ती काचच.

ही रिंग स्क्रूने बसवलेली नसते. तिची कड मीटरच्या डब्यामागे दुमडलेली असते. मी फिटर होतो, तरी ती कड उचलायला पूर्ण संध्याकाळ गेली. बोथट पेचकसाने एका जागी केसभर उचलायची, पुढे सरकायचे, अशा तीन-चार फेऱ्या. एकाच जागी जोर लावला की रिंग वाकडी झालीच. आत काट्यामागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते, म्हणून काट्याला बोट लावायचे नाही. तबकडीला थिनर तर अजिबात नको, आकडे निघून येतात. कोरडा मऊ ब्रश पुरे. झटपट चिकटणारा गोंदही वापरू नये, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते.

बंद करण्याची घाई मी केली नाही. मुंबईच्या जुलैत मीटर बंद केला तर दमट हवा आतच कोंडते आणि थंडीतल्या सकाळी काचेवर धुके धरते. म्हणून दसरा होऊ दिला. मग काचेखाली नवे रबर घातले, मीटर घडी केलेल्या टॉवेलवर पालथा ठेवला आणि लाकडी ठोकळ्याने समोरासमोरची कड थोडी थोडी दाबत गेलो. हातोडी घेतली नाही. त्या हादऱ्याने काच वाचली तरी आतले नाजूक काम बिघडते.

हे काम जाणणारे कारागीर मुंबईत अजून आहेत, पण रिंगेअभावी त्यांना गिऱ्हाईक परत पाठवावे लागते. तेच गिऱ्हाईक मग नवा मीटर बसवते आणि जुना भंगारात जातो, रिंगेसकट.

चोरबाजारातून आणलेल्या मीटरांच्या दोन रिंगा माझ्याकडे उरल्या आहेत. बुलेटच्या जुन्या मीटरला बसतील अशा आहेत. कुणा वाचकाला हव्या असतील तर आपल्या कार्यालयाकडे आणून देईन. मोबदला नको.

— एक निवृत्त फिटर, परळ, मुंबई